लाल ठिपक्याची काडतुसं

१

शिकारीचा वाटाड्या हालवर स्टेनरूडला अस्वलानं फाडलं ही बातमी लार्च फोर्क गावात सकाळी आठला पोचली. साडेआठपर्यंत तिला शेपूट फुटलं होतं. म्हणे, त्याचं रिव्हॉल्व्हर ऐन वेळी अडकलं, आणि ते तीनच आठवड्यांपूर्वी ऑर्लाकडून दुरुस्त होऊन आलं होतं.

ऑर्ला ब्रेकी बासष्ट वर्षांची. बापामागं बंदूकदुरुस्तीचं दुकान तिनं एकटीनं चालवलं, त्याला तीस वर्षं होत आली होती. मॉन्टानाच्या त्या कोपऱ्यात ज्याच्या घरी हत्यार होतं तो कधी ना कधी तिच्या काउंटरशी उभा राहिलेला होता. नऊ वाजता दाराची घंटा वाजली आणि तिच्या बहिणीचा मुलगा कॅल आत आला. कॅल पोलिसात होता. एरवी तो सरळ मागच्या खोलीत जाऊन स्वतःच्या हातानं कॉफी ओतून घ्यायचा. आज टोपी काढून दारातच उभा राहिला.

"जिवंत आहे ना?" ऑर्लानं विचारलं.

"आहे. मिझुलाच्या इस्पितळात. डावा हात, खांदा, डोक्याची कातडी. घशात नळी घातलीय, तीन-चार दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही म्हणाले." कॅलनं एक कागदी पिशवी काउंटरवर ठेवली. "मावशी, दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्या वेळी घोडा मागंच येईना. नशीब, दोन आवाजांनी अस्वल बुजलं आणि एकदा हाणून पळालं. पट्ट्याच्या खिशात ही तुझी पावती होती."

ऑर्लानं पावती वाचली. अक्षर तिचंच. चाकाची आस नवी, स्क्रू पक्के, स्प्रिंग बदलली, गिऱ्हाइकाच्या दहा काडतुसांनी झाडून पाहिलं, ठीक. खाली हालवरची सही. सहीची रेघ एकीकडं आणि सही पार कागदाच्या काठावर.

"त्याचा जावई म्हणतो, एक तर तुझं काम कच्चं, नाहीतर कुणीतरी मुद्दाम केलंय," कॅल म्हणाला. "काहीही असो, तपास होईपर्यंत मला दुकानाला कुलूप लावावं लागणार."

"लाव की. पण आधी हे मी तुझ्यासमोर उघडते."

"नियमानं ते राजधानीत, हेलेना शहरातल्या प्रयोगशाळेत जायला पाहिजे."

"तिथं ते दीड महिना फळीवर पडून राहील. तू माझ्या हाताकडं बघत बस. माझं चुकलेलं निघालं, तर मीच लिहून देईन आणि कुलूपही माझ्याच हातानं लावीन."

कॅलनं दारावरची पाटी उलटी केली. ऑर्लानं चष्मा चढवला. मग पिशवी उघडली.

२

अस्वलांच्या मुलखातले वाटाडे कमरेला लावतात तसलं ते जड हत्यार होतं. प्रत्येक गोळीला अंगठ्यानं घोडा मागं ओढायचा. घोडा मागं येताना काडतुसांचं चाक एक घर फिरतं, मग चाप दाबायचा. सुटलं की मनगटापासून खांद्यापर्यंत असा हिसका बसतो की नवशिक्या दुसऱ्यांदा हात लावत नाही. हिसका हत्यारालाही बसतोच. झाडता झाडता स्क्रू ढिले होतात, आस पुढं सरकते, आणि चाक अडतं. म्हणून अशा हत्याराला माणसापेक्षा जास्त जपावं लागतं, असं तिचा बाप म्हणायचा.

ऑर्लानं स्वतःच्याच कामापासून सुरुवात केली. नळीखालचा स्क्रू. तिनं पेचकस लावून जोर दिला. हलला नाही.

"हा बरा आहे," कॅल म्हणाला.

"मला सांगू नकोस. मी सांगते तुला."

आस जागच्या जागी, तिची अटक घट्ट. सुटलेल्या दोन पुंगळ्यांची बुडं सपाट, कुठं फुगून रुतलेली नाहीत. चाकामागं कचरा नाही. घोड्याची स्प्रिंग जोरात. एकेक गोष्ट बरी निघत गेली तसा कॅलचा चेहरा मोकळा होत गेला आणि ऑर्लाचा मात्र आवळत गेला. सगळं बरं असताना चाक अडतं, म्हणजे बरं नसलेलं काहीतरी तिच्या नजरेतून सुटत होतं.

मग तिनं चाकाच्या पुढच्या बाजूला, नळी जिथं सुरू होते तिथं दिवा धरला.

"इकडं ये. काय दिसतं?"

"शिशाचं टोक. गोळीचं."

"चाकाबाहेर आलंय ना? त्याचा खुंटा झाला. चाक फिरायला गेलं की हा चौकटीला अडतो."

"गोळी झाडल्याशिवाय पुढं कशी आली?"

"ती नाही आली. काडतूस मागं गेलं. हत्यार हिसका देऊन मागं उडतं, त्याच्याबरोबर बाकीच्या घरातली पितळी पुंगळी मागं ओढली जाते. जड शिसं मात्र आहे तिथं राहू बघतं. म्हणून काडतूस भरताना पुंगळीचं तोंड शिशावर चहूकडून मुडपतात, म्हणजे ते घट्ट धरून ठेवतं. इथं मुडपलेलंच नाही."

लाकडी काडीनं ते शिसं हळूच मागं सारून तिनं उरलेली तिन्ही काडतुसं बाहेर काढली. तिन्हींच्या बुडाला नखं रंगवायच्या रंगाचा लाल ठिपका होता. हालवर काडतुसं घरीच भरायचा, आणि हा ठिपका त्याच्या दिवंगत बायकोच्या, इंग्रिडच्या, बाटलीतला. गावात दुसऱ्या कुणाचा तसा नव्हता.

"म्हणजे त्यानंच भरलेली," कॅल म्हणाला. "तू सुटलीस, मावशी."

ऑर्ला भिंगातून पाहत राहिली. एका काडतुसाची कड अर्धीच मुडपलेली, दुसऱ्याची भलत्याच जागी.

"हालवरची काडतुसं मी तीस वर्षं बघतेय. तीन आठवड्यांपूर्वी दहा झाडली तीसुद्धा त्याच्याच डब्यातली. नाण्याची कड असावी तशी होती ती. कॅल, हा हालवरचा हात नाही. कुणीतरी त्याचा ठिपका लावून ही बनवलीत."

कॅलनं वही काढली. "तो काडतुसं ज्या खोपटात भरतो, तिथं त्याच्याशिवाय तीनच माणसं जायची. मुलगी, जावई आणि स्वयंपाकी. आणि स्वयंपाक्याला मागच्या रविवारी हाकललंय."

"फर्मिनला? कशासाठी?"

"चोरीसाठी."

३

हालवरचं घर गावापासून नऊ मैलांवर. डोंगरावरची लार्चची झाडं पिवळी पडली होती आणि कुंपणाआड खेचरं कान टवकारून उभी होती. हालवरची मुलगी सिग्नी बापाचे कपडे पिशवीत भरत होती. ते इस्पितळात कुणी घालणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

"ऑर्ला, तुझ्यावर माझा राग नाही हं," ती आधीच म्हणून गेली आणि डोळे पुसू लागली. "मी त्यांना सांगत होते, पुरे आता डोंगर. एकाहत्तर झाले. पण बोलायची सोय कुठं होती? हल्ली कशावरूनही भडकायचे. परवा वर्तमानपत्रच फेकून दिलं. म्हणे, मुद्दाम बारीक छापतात, लोकांनी वाचू नये म्हणून!"

तिचा नवरा ड्वेन दाराला टेकून उभा होता. पाहुण्यांना शिकारीला न्यायचा हालवरचा परवाना आणि डोंगरावरचा तळ विकून टाकावा असं तो चारचौघांत बोललेला होता. कॅलनं त्याला सरळच विचारलं.

"विका म्हणालो, मारा म्हणालो नाही!" ड्वेन उसळला. त्यानं कपाळावरचे केस वर केले. तिथं पांढरा वण होता. "ते हत्यार मी आयुष्यात एकदा झाडलं. नळी उडून इथं बसली. सात टाके. तेव्हापासून मी त्या खोपटात पाऊलसुद्धा टाकलं नाही. खिळे हवे असले तरी हिला पाठवतो."

"खरंय," सिग्नी म्हणाली. "मांजरासारखा घाबरतो."

"तेवढं सांगायलाच पाहिजे होतं का?"

"फर्मिनचं काय झालं?" ऑर्लानं विचारलं.

सिग्नीनं पिशवी खाली ठेवली. "रविवारी बाबा चर्चला गेले. पाद्री आजारी, म्हणून लगेच परत आले. बघतात तर फर्मिनचा हात त्यांच्या काडतुसांच्या डब्यात. मोजली तर बारा कमी. अंगणात पाहुणे शिकारी उभे होते, त्यांच्यादेखत चोर म्हणाले त्याला. बावीस वर्षं जेवू घातलं त्या माणसानं, ऑर्ला! आई गेली तेव्हा चार महिने बाबांना घास भरवल्यासारखं केलं. तो एक शब्द बोलला नाही. ॲप्रन काढून खुंटीला लावलं आणि चालत गेला. बाबा त्याच दिवशी खोपटात बसून नवी बारा भरत राहिले. संध्याकाळी जेवलेही नाहीत."

ऑर्लानं खोपटाची किल्ली मागून घेतली.

आत सगळं जागच्या जागी होतं. बंदुकीची दारू तोलायचा तराजू, काडतुसं भरायचं लोखंडी दाबयंत्र, शिशाच्या गोळ्या. दिव्याची तार सोडून तो इतका खाली आणला होता की बसणाऱ्याच्या कपाळाला लागावा. शेजारी एक भिंग आणि त्यापेक्षा मोठं दुसरं. इंग्रिडची रंगाची बाटली उघडीच होती, आणि फळीभर लाल ठिपके पडले होते. पितळेवर असतील त्यापेक्षा लाकडावर जास्त.

ऑर्ला त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत बराच वेळ उभी राहिली. तेवढ्यात बाहेरून कॅलची हाक आली.

"मावशी! फर्मिनची पेटी इथंच राहिलीय. सिग्नीनं उघडून दिली. बघ काय आहे."

लोकरीच्या स्वेटरखाली कॉफीचा एक मोठा डबा होता. तो काडतुसांनी भरला होता, आणि प्रत्येकाच्या बुडाला लाल ठिपका होता.

४

फर्मिन उरुतिया बेकरीच्या मागच्या खोलीत कोपरापर्यंत पिठात होता. तरुणपणी स्पेनमधल्या बास्क डोंगरांतून मेंढरं राखायला आला, आणि एका थंडीत हालवरच्या तळावर रांधायला म्हणून थांबला तो थांबलाच. कॅलनं डबा टेबलावर आपटला तरी त्यानं मळणं थांबवलं नाही.

"ही तू घेतलीस?"

"घेतली."

"किती दिवस घेतोयस?"

"बरेच."

"कशासाठी? विकायला?"

"तू लिही ना तुला हवं ते," फर्मिन म्हणाला. "चोरी लिही. माझी हरकत नाही."

"चोरीवर भागत नाही आता! माणूस मरता मरता वाचलाय. त्याच्या हत्यारात कुणीतरी खोटी काडतुसं घातली, आणि भांडून गेलेला तू एकटा आहेस. कळतंय का तुला, मी काय म्हणतोय?"

फर्मिनचे हात थांबले. त्यानं पहिल्यांदाच मान वर केली.

"शुद्धीवर आहे का तो?"

"आहे."

"कॉफी देतात का? दूध घालून देऊ नका म्हणावं. तो मुकाट्यानं पिईल आणि मग दिवसभर पोट धरून बसेल. सांगायचा नाही कुणाला. त्याची सवयच ती."

कॅलनं ऑर्लाकडं पाहिलं. तिनं डब्यातलं एक काडतूस उचललं होतं, आणि त्याचं शिसं अंगठ्यानं दाबत होती.

"हात पुढं कर, फर्मिन," कॅल म्हणाला. त्याला ते बोलताना त्रास होत होता.

"पीठ धुऊ दे."

"थांब, कॅल," ऑर्ला म्हणाली. तिच्या अंगठ्याखाली ते शिसं सरकन पुंगळीत आत गेलं होतं. तिनं दुसरं उचललं, तिसरं उचललं. "बेड्या ठेव खिशात."

५

तिनं डबा टेबलावर ओतला आणि काडतुसं चार ढिगांत लावू लागली. तळाची काळपट, वरची चकचकीत.

"ज्याला हालवरचं वाईट करायचं असेल, तो काय करील?" ती म्हणाली. "चांगली काढून घेईल आणि वाईट ठेवील. मग चोराच्या डब्यात चांगली सापडायला हवीत. ही बघ. एकाचीही कड धड नाही. हा वाईट काढून घेत होता."

"आणि त्या जागी?"

"चांगली ठेवत होता. स्वतः भरून, इंग्रिडच्याच बाटलीचा ठिपका लावून. पितळ बघ, कुठं किती काळवंडलंय ते. हा ढीग चार वर्षांपूर्वीचा असेल, पाच-सहाच आहेत. पुढच्या वर्षी दहा-बारा. ही सगळ्यात नवी, तीस तरी असतील. कमी होण्याऐवजी वाढत गेलीत." ती खुर्चीवर बसली. "मी सकाळी उलटं बोलले, कॅल. रिव्हॉल्व्हरमधली काडतुसं हालवरचीच होती. गेली चार वर्षं मी ज्यांचं कौतुक करत होते, ती याची."

फर्मिन पाण्याच्या नळाशी पाठमोरा उभा होता.

"त्याला दिसत नाही," ऑर्ला हलकेच म्हणाली. "वर्तमानपत्र, तो खाली आणलेला दिवा, फळीवरचे ठिपके. माझ्या पावतीवर तो सही काठावर करून गेला, आणि मी 'नीट जा' म्हणून निरोप दिला त्याला. मला दिसत होतं, तरी मी पाहिलं नाही. तू पाहिलंस."

"मधलं दिसत नाही," फर्मिन तसाच पाठ करून म्हणाला. "कडेचं दिसतं. डोंगर दिसतो, खेचर दिसतं, हरीण दिसतं. हातातलं दिसत नाही. मी ताटात मटण कुठल्या बाजूला वाढलंय ते बोलता बोलता सांगायचो. तो चर्चला गेला की काडतुसं बदलायचो. शिकलो, काय त्यात! कणकेची कड मुडपायची तशी पितळेची. रविवारी जुनी काढली आणि नवी ठेवायच्या आत तो दारात."

"आणि तू चोर म्हणवून घेतलंस?" कॅल म्हणाला. "अरे, एक वाक्य बोलला असतास तर!"

"कुठलं वाक्य?" फर्मिन वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "परक्या शिकाऱ्यांसमोर सांगू, की बाबा, तुझे डोळे गेले? संध्याकाळपर्यंत परवाना गेला असता. इंग्रिड गेली, आता तो डोंगर तेवढा उरलाय त्याला. चोराला काय, दुसरीकडं काम मिळतं." तो स्टुलावर बसला आणि ओले हात मांडीवर तसेच टाकले. "पण मी निघून गेलो, हा माझा गुन्हा. आता तो स्वतःच नवी भरून हत्यारात घालील, हे मला कळायला हवं होतं. पायरीवर बसून राहायला हवं होतं. त्यानं दगड मारले असते तरी. राग आला मला. बावीस वर्षांत एकदा आला. हे लिही, कॅल."

कॅलनं वही मिटून खिशात घातली.

"लिहिण्यासारखं काही झालेलं नाही इथं," तो म्हणाला. "मावशी, दुकान उघड तू."

६

चौथ्या दिवशी नळी काढली. मिझुलाच्या त्या खोलीत हालवर पट्ट्यांमध्ये असा गुंडाळला होता की दाढी तेवढी ओळखू येत होती. सिग्नी उशाशी होती. ऑर्ला आत आली. फर्मिन दाराबाहेरच अडला, टोपी चुरगाळत.

हालवरला सगळं कसं सांगायचं याची ऑर्लानं नव्वद मैल गाडी चालवताना जुळवाजुळव केली होती. तिनं सुरुवात केली, "हालवर, तुझ्या हत्याराचं..."

"माहीत आहे," हालवर म्हणाला. आवाज खरवडलेला. "अस्वल गेल्यावर तीन तास पडून होतो मी. काय करणार? अंगठ्यानं चाक चाचपलं. शिसं बाहेर आलं होतं. म्हटलं, हे कुठल्या गाढवानं भरलं? तर मीच भरलेलं." तो थांबून श्वास घेऊ लागला. "मग प्रश्न पडला, इतकी वर्षं कसं अडकलं नाही? त्याचं उत्तर तिथंच पडल्या पडल्या मिळालं. ऑर्ला, तो कुठं गेला गं? बेकरीत असेल तर त्याला कुणीतरी..."

सिग्नी उठून दाराकडं गेली आणि फर्मिनला दंडाला धरून आत घेऊन आली.

हालवरनं मान किंचित वळवली, कडेच्या नजरेनं पाहायला.

"किती वर्षं?" त्यानं विचारलं.

"चार."

"सगळ्यांसमोर चोर म्हणालो तुला."

"माझ्या घेवड्याच्या उसळीला तू याहून वाईट म्हणालायस."

"ती वाईट होतीच." हालवरचा धड हात चादरीवर चाचपडत पुढं आला. फर्मिननं तो दोन्ही हातांत घेतला. "शिकाऱ्यांना पत्र टाक, सिग्नी. यंदापासून डोंगर बंद. मी स्वतः सांगतोय, ड्वेननं मिजास मारायची नाही. खेचरं ठेवायची. आणि फर्मिनची खोली..."

"खोली आहे तशीच आहे, बाबा. पेटीसुद्धा तिथंच आहे."

"मी फक्त कॉफी करायला येईन," फर्मिन म्हणाला. "उसळ नाही."

खिडकीखालून एक गाडी गेली.

"रडतोस काय रे?" हालवरनं विचारलं.

"नाही," फर्मिन म्हणाला, आणि खांद्याला नाक पुसलं.

"डोळे गेलेत माझे, फर्मिन. कान नाही गेले."

तेव्हा कुठं फर्मिन हसला. मग त्यानं काखेतलं पुडकं सोडलं, सकाळी भाजलेला पाव काढला आणि पातळ पातळ तुकडे करत तो हालवरला सांगू लागला, कुठला तुकडा कुठल्या बाजूला ठेवलाय ते.